वस्त्रगाळ माती

“ही माती तिकडची नाही,” कुंदा म्हणाली.

मी ब्रश हातात तसाच धरून मागे पाहिलं. ती गॅलरीच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या पलीकडे, हातात माझा चहाचा कप घेऊन. त्या दारापर्यंत ती कितीतरी महिन्यांत आली नव्हती. चहा झाला की स्वयंपाकघरात ओट्यावर कप जरा जोरात ठेवायची. तो आवाज ऐकून मी उठायचो आणि कप घेऊन यायचो. असं आमचं चाललं होतं.

“काय म्हणालीस?”

“मातीचा रंग चुकलाय.”

एवढं बोलून तिनं कप दाराशेजारच्या फळीवर ठेवला आणि ती गेली. मी समोरच्या रणगाड्याकडे पाहत बसलो. वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा रणगाडा, टी-७२. त्याच्या चाकांवर आणि चाकांभोवतीच्या पट्ट्यांवर मी आठवडाभर खपून पिवळी धूळ चढवली होती. परदेशी बाटलीतली धूळ, लेबलावर वाळवंटाचं चित्र असलेली. मला ती चांगली जमली आहे असं वाटत होतं.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं होऊन गेली. तेव्हा मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. चिंचवडच्या एका कारखान्यात टूल-ड्रॉइंग विभागात सगळी नोकरी गेली, त्यामुळे बारीक कामाची आणि स्वतःचंच खरं करण्याची अशा दोन्ही सवयी अंगात मुरलेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटची गॅलरी मी काचा लावून बंद करून घेतली होती आणि तिथे माझं रणगाड्यांचं दुकान मांडलं होतं. छोटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. शेजारचे देवस्थळी याला पोरखेळ म्हणत, आणि मग तासभर बघत उभे राहत.

रणगाडा जोडायला लागतो त्याहून जास्त वेळ तो मळवायला लागतो, हे त्यांना काही केल्या पटत नसे. “एवढा झकास रंगवलात आणि आता त्याला चिखल कशाला फासताय?” असं ते दर वेळी विचारायचे. आमच्या छंदात याला वेदरिंग म्हणतात. नवाकोरा रणगाडा खेळण्यासारखा दिसतो. तो चालला आहे, उन्हात उभा राहिला आहे, त्याच्यावर माणसं चढली-उतरली आहेत, हे दिसावं लागतं. त्यासाठी हिरव्या रंगाखाली केसांचा स्प्रे मारायचा आणि वरून ओल्या ब्रशनं घासून रंगाचे टवके उडवायचे. चौकातल्या लेडीज दुकानात मी तो स्प्रे मागितला तेव्हा दुकानदारानं एकदा माझ्या टकलाकडे पाहिलं होतं आणि मुकाट्यानं बाटली दिली होती. मग तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून खाचांत सोडायचा, पट्ट्यांच्या कडांना मऊ पेन्सिल घासून लोखंडाची चकाकी आणायची, आणि सगळ्यात शेवटी धूळ.

हा रणगाडा मी एकट्यानं जोडलेला नव्हता. तो हृषीनं सुरू केला होता.

हृषीकेश, आमचा एकुलता एक. फौजेत कॅप्टन होता, रणगाड्यांवर. त्याला हे वेड माझ्यामुळे लागलं असं सगळे नातेवाईक म्हणायचे; आधी कौतुकानं म्हणायचे, मग वेगळ्या सुरात म्हणायला लागले. शेवटच्या सुट्टीत त्यानं हा डबा आणला आणि आम्ही दोघं गॅलरीत बसलो. तो स्टुलावर, मी खुर्चीत. “बाबा, मागचा डावा डिझेलचा ड्रम लावू नका, आमच्या गाडीला तो नाहीये,” असं सांगायचा. रणगाड्याला तो गाडी म्हणायचा. घुमटावरचं कमांडरचं गोल झाकण त्यानं स्वतः चिकटवलं, उघडं.

“बंद कर की,” मी म्हणालो होतो. “आत काहीच नाही, पोकळ दिसेल.”

“दिसू दे. मी बाहेर उभा असतो ना. मग झाकण बंद कसं असेल?”

अर्धं अंग बाहेर काढून कमांडर उभा असतो, तसंच तो उभा होता. राजस्थानातल्या सरावाच्या रेंजवर गाडी एका बांधावरून जात होती, बांधाची कड खचली आणि गाडी कलंडली. आतले दोघं वाचले.

बातमीचा फोन कुंदानं उचलला होता. मी भाजी आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा ती रिसीव्हर हातात धरून उभी होती आणि पलीकडून कोणी बोलत नव्हतं. तेव्हापासून घरातला फोन वाजला की ती जागची हलायची नाही. ती फोनच्या शेजारी बसलेली असली तरी मी आतून येऊन उचलायचा.

तेराव्याला गुरुजींनी छत्री आणि जोडे द्यायला सांगितलं. मी बाजारातून नवे चामडी जोडे आणून दिले. महिन्याभरानं युनिटातून काळी ट्रंक आली. कुंदानं त्यातले कपडे बाहेर काढले, धुतले, इस्त्री करून पुन्हा नीट आत रचले. ही सगळी कामं ती पूर्वी शाळेत शिकवताना विज्ञानाचा तास घ्यायची तशी करत होती, एकामागून एक. ट्रंकेत घड्याळ होतं, दाढीचं सामान होतं, एका पिशवीत जड काळे बूट होते, तळव्यांच्या खाचांत माती घट्ट बसलेले. तिच्या धाकट्या बहिणीनं ते साफ करायला घेतले, तर कुंदानं एक शब्द न बोलता तिच्या हातून काढून घेतले आणि पिशवी तशीच ट्रंकेत टाकली. ट्रंक पलंगाखाली गेली. कुंदा रडली नाही. हृषीचं नाव तिनं घेतलं नाही. गॅलरीत पाऊल टाकलं नाही.

आणि माझं म्हणाल, तर मलाही काही होत नव्हतं. दात काढताना इंजेक्शन देतात, मग तासभर आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं. लोक भेटायला यायचे, डोळे पुसायचे, मी त्यांना पाणी द्यायचो. कुंदा माझ्यावर रागावली आहे हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. रागावण्यासारखं होतंही. तिला विचारायचा धीर मला झाला नाही, आणि विचारून काय होणार असंही वाटायचं.

असं वर्ष सरत आलं होतं आणि एक दिवस भानुदास काळेलचा फोन आला.

“काका, मी लान्स दफेदार काळेल बोलतोय. साहेबांच्या गाडीवर हुतो.”

तो माणदेशातला, सुट्टीवर गावी आलेला. स्क्वाड्रनच्या खोलीत साहेबांचा फोटो लावला आहे, तिथे साहेबांच्या हातची एखादी वस्तू असावी असं सगळ्यांच्या मनात आहे, असं तो म्हणाला. “साहेब सांगायचे, वडील टँक बनवत्यात. सुट्टीत आम्ही दोघं मिळून आपलीच गाडी बनवायला घेतलीय म्हणून. ती हाय का अजून?”

“आहे. अर्धी आहे.”

“पुरी कराल का? परत जाताना मी घिऊन जाईन.”

मी हो म्हणालो. तो फोन ठेवेना. मग एकदम म्हणाला, “काका, गाडी मी चालवत हुतो.” पुढे त्याला बोलता येईना. मी रिसीव्हर कानाला लावून उभा होतो आणि कुंदा समोर बसून मेथी निवडत होती.

“कोण होतं?” तिनं विचारलं.

“युनिटातलं कोणीतरी. टँक न्यायला येणार आहे, काही आठवड्यांनी.”

गाडी चालवणारा तो, हे मी सांगितलं नाही. सांगितलं आणि ती उठून आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, तर मी काय करणार होतो? वर्षभर आम्ही दोघं काचेच्या सामानासारखे एका घरात राहत होतो. मला एवढंच वाटत होतं की हा रणगाडा जाण्याआधी तिनं एकदा तरी येऊन पाहावा. हृषीच्या हातचा शेवटचा तो होता. तिनं पाहिला नाही आणि तो गेला, तर मग या घरात आम्हाला एकमेकांशी बोलायला काही उरणार नाही, असं मला वाटायचं. तेवढी एक भीती तेव्हा माझ्यात शिल्लक होती.

म्हणून ती दारात येऊन “माती तिकडची नाही” म्हणाली तेव्हा मी लगेच उठून तिच्या मागे गेलो नाही. मी चहा पूर्ण प्यायलो. मग स्वयंपाकघरात गेलो.

“तिकडची माती तुला काय माहीत?”

ती कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. “दर सुट्टीला त्याचे कपडे कोण भिजवत होतं? तुम्ही?”

“नाही.”

“तीन पाण्यांतनं काढावे लागायचे. पिवळं पाणी कधी झालं नाही. चहात दूध फार पडलं की कसा होतो, तसं व्हायचं. आणि खाली बादलीत बसायची ती पांढुरकी. किंचित गुलाबी.”

मी परत जाऊन टर्पेंटाइन काढलं आणि आठवड्याची मेहनत पुसून टाकली. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर हळहळला असता. मला तेही झालं नाही. चिंध्या पिवळ्या होत गेल्या आणि हिरवा रणगाडा पुन्हा खालून वर आला.

त्यानंतर मी रंग मिसळायला लागलो. पांढऱ्यात तपकिरी, तपकिरीत गेरू. मिसळलं की बशीत घेऊन उंबऱ्यावर ठेवायचो. ती येता-जाता बघायची.

“अजून पिवळी आहे.”

दुसऱ्या दिवशी, “आता विटेसारखी झाली.”

तिसऱ्या दिवशी नुसती मान हलवली. देवस्थळी एकदा डोकावले आणि आमचा हा प्रकार बघून चाट पडले. “वहिनी, यांना चांगलं धारेवर धरलंय तुम्ही,” म्हणाले. कुंदा हसली नाही, पण त्यांच्यासाठी चहा टाकला. तेही बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

मग एका दुपारी मला खलबत्त्याचा आवाज आला. वेलदोडे कुटतानाचा असतो तसा नाही, त्याहून संथ, बत्ता घासत फिरवल्यासारखा. बराच वेळ चालला होता. मी रणगाड्याच्या पट्ट्यांना पेन्सिल घासत होतो. आवाज थांबला आणि थोड्या वेळानं कुंदा आली. उंबरा ओलांडून आत आली. तिच्या हातात स्टीलची लहान डबी होती, पूर्वी हळदीकुंकवाची असायची ती.

हृषीच्या स्टुलावर रंगांच्या बाटल्या ठेवल्या होत्या. त्या तिनं एकेक करून टेबलावर ठेवल्या आणि ती स्टुलावर बसली.

“बघा,” म्हणाली.

मी डबीचं झाकण काढलं. आत माती होती. इतकी बारीक की बोटाला लागल्यावर कणाचा पत्ता लागत नव्हता, नुसता रंग लागत होता. पांढुरकी, किंचित गुलाबी.

“वस्त्रगाळ केलीय,” ती म्हणाली. “दोनदा. त्याच्या जुन्या धोतराच्या तुकड्यातून, मुंजीतल्या.”

“आणलीस कुठून?”

“घरातच होती.”

मी जास्त विचारलं नाही. त्याचे कपडे धुताना बादलीत साचलेली तिनं कधी ठेवून दिली असेल असं मला वाटलं. बायका काय काय जपून ठेवतात, आपल्याला पत्ता नसतो. तिच्या हातांना कसला तरी उग्र वास येत होता, पण माझ्या गॅलरीत टर्पेंटाइन, स्पिरिट, रंग असे इतके वास एकात एक मिसळलेले असतात की तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

मी मऊ ब्रश घेतला, डबीत टेकवला आणि चाकाच्या वर हळूच झटकला. धूळ खाली आली आणि बसली. दुसऱ्यांदा झटकला. कुंदा वाकून बघत होती. आमची डोकी जवळजवळ लागली होती.

“तिथे जास्त नको,” ती म्हणाली. “वरच्या भागावर कमी असते. खाली जास्त. बाह्यांपेक्षा पँट मळलेली असायची त्याची.”

“बरं.”

“आणि मागच्या बाजूला.”

“हो. गाडी पुढे जाते, धूळ मागे उडते.”

संध्याकाळपर्यंत आम्ही ते करत होतो. मध्ये एकदा ती म्हणाली, “मी तुमच्यावर रागवून यायची थांबले नव्हते.”

माझा ब्रश थांबला.

“हे स्टूल रिकामं दिसायचं,” ती म्हणाली. “म्हणून.”

मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. वर्षभर मनात धरलेलं एकदम उतरलं की माणूस बोलतो, रडतो, असं असावं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, “यावर आता शेवटचा हात द्यायचा असतो. व्हार्निशचा. धूळ उडू नये म्हणून.”

“मग द्या.”

“दिला की निम्मी धूळ दिसेनाशी होते. व्हार्निश ती पिऊन टाकतं.”

तिनं थोडा विचार केला. “मग नका देऊ. काच लावून घ्या वरून.” आणि डबीत उरलेली चिमूटभर माती तिनं झाकण लावून आत नेली.

फ्रेमवाल्याकडून मी काचेची पेटी करून घेतली, वर उघडणारी, धरायला पितळी कडी असलेली. काळेल आला त्या दिवशी थंडी चांगलीच पडली होती. सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक बुटका, रुंद खांद्यांचा तरुण, अंगात साधा स्वेटर, पायात झिजलेले कॅनव्हासचे बूट. बूट त्यानं बाहेर काढले. हातात पिशवी होती.

“आईनं बाजरीचं पीठ दिलंय,” तो म्हणाला. “आन मटकी. घरची हाय.”

कुंदानं पिशवी घेतली. “बसा. जेवूनच जा.”

“एस्टी हाय मावशी दुपारची. मग रेल्वे धरायची.”

“मग पोहे खा.”

तो कोचाच्या अगदी टोकाला बसला. पोहे खाताना खाली मान घालून खात होता. माझ्याकडे बघायचा, कुंदाकडे नाही. लवकर खाऊन, पेटी घेऊन हा निघून गेला तर बरं, असंच मी देवाकडे मागत होतो.

त्यानं बशी खाली ठेवली तेव्हा मी पेटी आणून टेबलावर ठेवली आणि वरचं झाकण उघडलं. तो उठून उभा राहिला, मग गुडघ्यांवर बसला. बराच वेळ नुसता बघत होता.

“डावा ड्रम न्हाई,” तो म्हणाला. “बराबर. गाडीचा नंबर पण बराबर.”

मग तो अजून जवळ गेला. चाकांपाशी बोट नेलं, पण लावलं नाही.

“काका, ही माती आपल्या रेंजची हाय.”

“रंग जमलाय का?”

“रंग न्हवं. मातीच ती हाय. दोन वर्सं नाकातोंडात गेलीया माझ्या, वळखू येती. कुठनं आणली?”

“हिनं दिली. घरात होती म्हणाली.”

आम्ही दोघांनी कुंदाकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काळेलची नजर परत रणगाड्यावर गेली आणि घुमटापाशी थांबली.

“झाकण उघडं हाय,” तो हळू म्हणाला.

“हृषीनंच चिकटवलं होतं. सुट्टीत.”

मग त्यानं मान वर केली, आणि या वेळी तो सरळ कुंदाकडे बघत होता.

“मावशी, काकांनी तुमाला सांगितलं का न्हाई, मला ठावं न्हाई. पण न सांगता हितनं मला जाता येयाचं न्हाई. गाडी मी चालवत हुतो.”

मी डोळे मिटून घेतले.

“माहीत आहे मला,” कुंदा म्हणाली.

मी डोळे उघडले.

“हृषी दर रविवारी फोन करायचा. तुमचं नाव असायचंच त्यात. काळेल गाडी चालवत असला की आई, मी वर निवांत उभा असतो, म्हणायचा.”

काळेलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातांच्या आडून त्याचा आवाज येत होता. “साहेब म्हणाले, हळू घे. मी हळूच घेतली हुती मावशी. आईची आन. कड खचली. मला काय कळायच्या आत...”

कुंदा वळली आणि आत गेली.

मग आतून पलंगाखालची ट्रंक ओढल्याचा आवाज आला, फरशीवर लोखंड घासल्याचा. कड्या उघडल्या. काळेलनं माझ्याकडे पाहिलं. “माझं चुकलं का काका? बोलाय नको हुतं का?”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कुंदा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हृषीचे बूट होते. मी ते शेवटचे पाहिले होते तेव्हा त्यांच्या तळव्यांच्या खाचांत माती दगडासारखी बसलेली होती. आता ते पॉलिशनं चमकत होते. तिनं ते टेबलावर ठेवण्याआधी आडवे धरले आणि मला तळवे दिसले. एक एक खाच सुईनं टोकरून साफ केलेली होती. कुठे कणभर माती नव्हती.

मी बुटांकडे पाहिलं, पेटीतल्या रणगाड्याकडे पाहिलं. काळेलही आधी तिकडे आणि मग इकडे बघत होता.

“नंबर किती तुमचा?” कुंदानं विचारलं.

“जी?”

“पायाचा.”

“आठ.”

“हे नऊ आहेत.”

“मावशी, साहेबांचे बूट मी कसे...”

“तेराव्याला बाजारातून नवे आणून दिले होते यांनी. ते त्याचे नव्हते. हे त्याचे आहेत.” तिचा आवाज शाळेत असायचा तसा झाला, पुढच्या बाकावरच्या मुलाशी बोलतानाचा. “दोन मोजे घाला. बसतील.”

तिनं मोज्यांची जोडीही आणली होती. काळेलनं डोळे पुसले, कोचावर बसला, आणि सांगितल्याप्रमाणे मोज्यांवर मोजे चढवले. बूट घातले. नाड्या बांधल्या, गाठ फौजेतली, पक्की पडली. तो उठून उभा राहिला. कुंदा खाली वाकली आणि तिनं बुटाचं पुढचं टोक अंगठ्यानं दाबून पाहिलं. जूनमध्ये मुलाला शाळेचे बूट घेताना दाबून बघतात तसं. आधी उजव्या पायाचं, मग डाव्याचं.

“थोडे सैल आहेत,” ती म्हणाली. “चालतील.”

काळेल तिच्या पाया पडला. मग माझ्या. कॅनव्हासचे बूट त्यानं पिशवीत घातले, पेटीची कडी धरली आणि तो निघाला.

आम्ही दारात उभे राहिलो. तो जिना उतरायला लागला आणि बुटांचा आवाज घुमायला लागला. आमच्या जिन्यात कोणाच्याही चपलांचा आवाज येतो, पण तो आवाज एकाचाच होता. प्रत्येक सुट्टी संपताना आम्ही दोघं याच दारात उभे राहून तो खालपर्यंत ऐकत असू. मी चौकट धरली. वर्षभर जे कुठे जाऊन बसलं होतं ते छातीत परत आलं आणि ते इतकं दुखलं की मला वाटलं मी ओरडणार.

कुंदा माझ्या पुढे गेली. तिनं कठडा धरला, खाली वाकली आणि दर वेळी ओरडायची तशीच ओरडली.

“पोचलास की फोन कर!”

आवाज थांबला. खालच्या वळणावरून काळेलनं वर पाहिलं.

“व्हय, आई,” तो म्हणाला. आणि पुन्हा उतरायला लागला.

शेवटची पायरी झाली, फाटक वाजलं, तरी ती कठडा सोडेना. मग ती रडायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि मीही रडलो, जिन्यात, सगळ्यांच्या देखत. देवस्थळ्यांनी दार उघडलं आणि आवाज न करता परत लावून घेतलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी गॅलरीत बसलो होतो. ब्रश धुऊन ठेवायचे होते. बाहेरच्या खोलीत फोन वाजला. मी सवयीनं खुर्ची मागे सारून उठलो.

पण कुंदानं तो उचलला होता.